एका थेंबात कॅन्सर कळतो का?

"बोटाला सुई टोचा, एक थेंब चिपवर टाका, कॅन्सर आहे की नाही लगेच कळतं." कोल्हापुरातल्या ग्रुपांवर हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. रक्तातून कॅन्सरच्या पेशी वेगळ्या करणाऱ्या चिप, म्हणजे रक्त वाहायला बारीक वाटा असलेल्या छोट्या पट्ट्या, खरोखर आहेत, त्यामुळे तो पटतो. अडचण थेंबाची आहे.

हिशोब करून बघा. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५०० कोटी, पांढऱ्या ४० लाखांच्या वर. गाठीतून सुटलेल्या पेशी मात्र, कॅन्सर पसरला असला तरी, बहुतेकदा १ ते १०. बोटाचा थेंब म्हणजे मिलिलिटरचा जेमतेम विसावा भाग. मिलिलिटरला ५ पेशी धरल्या तरी चारातल्या तीन थेंबांत एकही सापडणार नाही. म्हणून शिरेतून साधारण साडेसात मिलिलिटर रक्त घेतात.

गुऱ्हाळावर रस गाळताना चिपाडाचा चुरा फडक्यावर राहतो, तशा कॅन्सरच्या मोठ्या पेशी चिपमधल्या सूक्ष्म खांबांत अडकतात. पण काही पांढऱ्या पेशीही तेवढ्याच मोठ्या असतात, त्याही अडकतात. बारीक गुठळी किंवा हवेचा बुडबुडा आला की वाट तुंबते. दाब वाढवला तर मऊ पेशी चेपून निसटतात. म्हणून अडकलेलं सगळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात: केंद्रक आणि केराटिन (रक्तपेशींत सहसा नसणारं प्रथिन) दिसायला हवं, पांढऱ्या पेशीची सीडी४५ ही खूण दिसता कामा नये.

लॅबला सरळ विचारा: रक्त किती घेणार, पेशी कशावरून ओळखणार? पेशी सापडली नाही म्हणजे कॅन्सर नाही, असं होत नाही. गाठ लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. कॅन्सरचं निदान बहुतेकदा बायोप्सीनेच पक्कं होतं.