सुगौलीचा तह : नदी ठरली, उगम राहिला

मे २०२० मध्ये भारताने लिपुलेख खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याचं उद्घाटन केलं आणि पंधरा दिवसांच्या आत नेपाळने स्वतःचा नवा नकाशा काढला. लिंपियाधुरा, कालापानी, लिपुलेख या भारत-नेपाळ सीमावादातल्या जागांची नावं तेव्हा बातम्यांत रोज येत होती. कैलास-मानसरोवरला जाऊन आलेल्या मराठी यात्रेकरूंना त्यातली दोन तरी आधीपासून ओळखीची असतील. पण या भांडणाचं मूळ दोनशे वर्षांमागच्या एका कागदात आहे. चंपारणातल्या सुगौलीला २ डिसेंबर १८१५ रोजी त्या कागदावर सह्या झाल्या. ईस्ट इंडिया कंपनीतर्फे लेफ्टनंट कर्नल पॅरिस ब्रॅडशॉने सही केली आणि नेपाळतर्फे राजगुरू गजराज मिश्र व चंद्रशेखर उपाध्याय यांनी.

या तहाआधी कंपनी आणि नेपाळ यांच्यात युद्ध झालं होतं. त्यामागचा वाद सुरू झाला तो मात्र डोंगरात नव्हे, तराईतल्या, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट पट्ट्यातल्या, बुटवल आणि स्युराजमध्ये. डोंगरातल्या पाल्पाच्या राजाकडे बुटवलची सपाट जमीन होती आणि तिचा सारा तो अवधच्या नवाबाला भरत असे. गावावर सत्ता एकाची आणि सारा दुसऱ्याला, ही व्यवस्था त्या काळी कुणाला खटकत नव्हती. एकाच गावावर जहागीरदाराचा वसूल आणि शिवाय चौथ-सरदेशमुखी, असं आपल्याकडेही चालत होतंच. पुढे १८०१ मध्ये नवाबाने गोरखपूरचा मुलूख कंपनीला दिला आणि काही वर्षांत गोरख्यांनी, म्हणजे नेपाळच्या राज्यकर्त्यांनी, पाल्पा गिळलं. दोघेही जुन्या मालकांचे वारस म्हणून पुढे आले. कंपनीला मात्र एका जमिनीचा एकच धनी हवा होता, आणि तोही रेषा आखून ठरवलेला. माझ्या मते युद्धाचं खरं कारण हेच आहे. १८१४ च्या उन्हाळ्यात बुटवलच्या चौक्यांवर झालेला हल्ला निमित्त ठरला, आणि नोव्हेंबरात गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉयरा, म्हणजेच पुढचा लॉर्ड हेस्टिंग्ज, याने युद्ध पुकारलं.

कंपनीला ही लढाई सोपी गेली नाही. डेहराडूनजवळच्या नालापाणीला बलभद्र कुंवरच्या नेपाळी तुकडीने कंपनीला रोखून धरलं आणि तिथे कंपनीचा जनरल गिलेस्पी पडला. पण १८१५ च्या वसंतात अल्मोडा गेलं, मेमध्ये मलौंच्या किल्ल्यात नेपाळी सेनापती अमरसिंह थापाने शस्त्रं ठेवली आणि गढवाल-कुमाऊं नेपाळच्या हातून गेले. तहाचा मसुदा काठमांडूला पचेना. मंजुरी लांबल्यावर कंपनीचा सेनापती ऑक्टरलोनी पुन्हा चालून आला, मकवानपूरपर्यंत पोचला, आणि ४ मार्च १८१६ रोजी मंजूर झालेला कागद त्याच्या हाती पडला.

तहाची कलमं नऊ. त्यातल्या पाचव्यात नेपाळच्या राजाने काली नदीच्या पश्चिमेकडच्या सगळ्या मुलखावरचा हक्क कायमचा सोडला. पूर्वेला मेची नदीपलीकडचं सगळं गेलं. १८१७ च्या तितालिया तहाने कंपनीने त्यातला बराच भाग सिक्कीमला दिला. तराईचं नशीब फारच विचित्र. कोसी ते राप्ती हा पट्टा कंपनीने डिसेंबर १८१६ मध्येच परत केला, त्या बदल्यात नेपाळी सरदारांना वर्षाला २ लाख रुपयांची पेन्शनं देण्याच्या जबाबदारीतून ती मोकळी झाली. राप्ती ते काली हा पट्टा अवधच्या नवाबाने कंपनीला दिलेल्या १ कोटी रुपयांच्या कर्जाच्या मोबदल्यात अवधकडे गेला आणि १८५७ मधल्या मदतीबद्दल १८६० मध्ये नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणा याला परत मिळाला. नेपाळात आजही त्याला ‘नया मुलुक’ म्हणतात. जमीन अशी हातोहात फिरली, पण तिथल्या रयतेला कुणी काही विचारल्याची ओळ या तहांत सापडत नाही.

मराठी वाचकाने इथे आणखी एक तारीख लक्षात घ्यावी. उत्तरेकडून मोकळा झालेला हाच हेस्टिंग्ज पेंढाऱ्यांकडे आणि मराठ्यांकडे वळला. पुण्याचा तह १३ जून १८१७ चा, खडकीची लढाई त्याच वर्षीच्या ५ नोव्हेंबरची.

आता पाचव्या कलमाकडे परत. त्यात ‘काली’ हे नाव आहे, पण तिचा उगम कुठला ते लिहिलेलं नाही, आणि सोबत नकाशाही नाही. खाली मैदानात याने काही अडत नव्हतं. वर गुंजीपाशी मात्र दोन प्रवाह एकत्र येतात. एक कालापानीकडून येतो, आकाराने लहान, पण तिथल्या झऱ्यांना परंपरेने कालीचा उगम मानलं जातं. दुसरा कुटी यांगती, लिंपियाधुराकडून येणारा, लांब आणि जास्त पाण्याचा. मूळ नदी कोणती, नावाची की पाण्याची? हा प्रश्न तहानंतर थोड्याच काळात उठला. कालीच्या पूर्वेला असल्याने १८१७ मध्ये टिंकर आणि छांगरू ही गावं नेपाळला मिळाली. मग नेपाळने कुटी यांगती हीच खरी काली असं सांगून कुटी आणि नाबी मागितली. कंपनीने नकार दिला. २०२० च्या नेपाळी नकाशात ही दोन्ही गावं आहेत.