तापीच्या वाळूत सोनं का सापडत नाही

गेल्या उन्हाळ्यात मुडावदला, पांझरा जिथे तापीला मिळते तिथे, माझ्या ओळखीतला एक पोरगा गुडघाभर पाण्यात उभा राहून हिरव्या प्लास्टिकच्या थाळ्यात वाळू धूत होता. थाळा ऑनलाइन मागवलेला, एका कडेला खाचा असलेला. ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघून हात बसवला होता त्याने. म्हशी धुवायला आलेले एक बाबा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "काय धुंडी राहिना भाऊ?"

"सोनं."

बाबांनी म्हशीच्या पाठीवर पाणी मारलं. "सापडनं ते माले बी सांगजो."

तासाभराने थाळ्याच्या तळाशी चमचाभर काळीभोर, जड वाळू उरली. पोराने खिशातून जुन्या स्पीकरचा लोहचुंबक काढला आणि वर धरला. वाळू सुळकन चुंबकाला चिकटली. थाळा रिकामा.

त्याने धुण्यात काही चूक केली नव्हती. युक्ती जुनी आणि पक्की आहे. साधी वाळू पाण्याच्या अडीचपट जड, ती काळी वाळू, म्हणजे मॅग्नेटाइट, पाचपट, आणि सोनं एकोणीसपट. थाळा हलवला की हलकं वर येऊन वाहून जातं, जड तळाशी बसतं. सोनं असतं तर ते मॅग्नेटाइटच्याही खाली बसलं असतं, आणि चुंबकाने काळं उचललं की मागे राहिलं असतं. नव्हतंच, म्हणून राहिलं नाही.

का नव्हतं, याचं उत्तर पायाखाली आहे. खानदेश जवळजवळ सगळा काळ्या कातळावर, बेसाल्टवर बसलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, त्यांचा हा दगड. पिवळं सोनं डोळ्यांना दिसेल इतकं एका जागी गोळा व्हायला खडकांच्या भेगांतून वर चढणारं गरम पाणी लागतं, आणि आपल्याकडे असे खडक फार जुने आहेत. त्या पाण्यातून पांढऱ्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरा तयार होतात आणि सोनं त्या शिरांत बसतं. बेसाल्टात सोनं असतं, पण टनामागे चार-पाच सहस्रांश ग्रॅम, तेही दगडभर विरघळल्यासारखं. हिशेब करून बघा: सराफाच्या आजच्या दहा ग्रॅमी तोळ्यासाठी अडीच हजार टन कातळ फोडावा लागेल. वीस टनी हायव्याच्या सव्वाशे खेपा. नावावर जाऊ नये. धुळ्याजवळच्या सोनगीरचं नाव सुवर्णगिरीवरून आलं असं सांगतात, पण गाव ओळखलं जातं ते तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी.

ज्यांच्या नद्या जुन्या खडकांवरून येतात त्यांची गोष्ट वेगळी. सुवर्णरेखेच्या काठी, छत्तीसगडातल्या ईब नदीत, पूर्वी वैनगंगेकडेही, सोनझरी लोक लाकडी पात्रात वाळू धूत आले आहेत. दिवसभराच्या धुण्यात तांदळाच्या कणीएवढं मिळालं तरी दिवस चांगला गेला म्हणायचं. कोलारची खाणसुद्धा अशाच धुणाऱ्यांच्या मागावरून सापडली. १८०२ मध्ये जॉन वॉरन नावाचा लष्करी सर्वेक्षक त्या भागात होता. गावकरी मातीतून सोनं काढतात हे त्याच्या कानावर आलं. दाखवेल त्याला बक्षीस, असं त्याने जाहीर केलं, आणि लोक मातीने भरलेल्या बैलगाड्या घेऊन त्याच्या समोर आले, ती माती धुऊन दाखवली. पुढे १८८० पासून एका इंग्रज कंपनीने तिथे यंत्रं लावली. तीन किलोमीटरहून खोल गेलेली ती खाण सव्वाशे वर्षांच्या आत-बाहेर आठशे टन सोनं देऊन २००१ मध्ये बंद झाली. माती धुऊन दाखवणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे कंपनीच्या हिशेबात यायचं कारण नव्हतं.

खाणीतून किंवा नदीतून जसंच्या तसं मिळालेल्या सोन्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: जातरूप. जन्मतःच ज्याला रूप आहे ते. कौटिल्य सोन्याचे प्रकार सांगताना जातरूप, रसविद्ध आणि आकरोद्गत असे तीन वेगळे काढतो. मूळ रूपातलं, पाऱ्याच्या क्रियेने केलेलं, आणि खाणीच्या धातुकातून काढलेलं. महाभारताच्या सभापर्वात युधिष्ठिराला नजराणे येतात, त्यांत मेरू-मंदाराकडचे लोक 'पिपीलिक' सोनं आणतात. मुंग्यांनी उकरून वर काढलेलं, द्रोण या मापाने मोजलेलं. ग्रीकांच्या हिरोडोटसनेही हिंदुस्थानातल्या सोनं उकरणाऱ्या मुंग्यांची कथा लिहून ठेवली आहे. मला यात गंमत वाटते ती एवढीच, की फुकटात सोनं मिळण्याची कल्पना करतानासुद्धा माणसाने राबायला कुणीतरी शोधलंच, मग मुंगी का होईना.

शब्द असला तरी जातरूप जपून ठेवायची रीत मात्र आपल्याकडे रुजली नाही. कण सापडला की मुशीत गेला. बाहेरही सुरुवातीला तेच होतं. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना झाडाच्या मुळापाशी, जमिनीच्या बोटभर खाली सोन्याचा गोळा लागला, आजवरचा सर्वांत मोठा. निव्वळ सोनं सत्तर किलोच्या वर. एवढा गोळा बसेल असा तराजू गावात नव्हता, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे केले आणि मग तोलले. त्याचा एक फोटोही नाही. आज जे दिसतं ते अंदाजाने केलेलं साच्यातलं रूप.

तोपर्यंत सोन्याचं वेड अंगात भिनलेलं होतं. २४ जानेवारी १८४८ ला कॅलिफोर्नियात लाकूडगिरणीच्या चरात जेम्स मार्शलला पिवळे कण दिसले आणि वर्षभरात जगभरातून माणसं निघाली. १८५१ मध्ये ऑस्ट्रेलिया, १८९६ नंतर कॅनडातलं क्लोंडाइक. क्लोंडाइकला लाखभर लोक निघाले, तीसएक हजार पोचले, सोनं लागलं ते चारेक हजारांना. फावडी आणि पीठ विकणारे मात्र बहुतेक कमावून गेले. मग धातुशोधक यंत्र आलं आणि खेळ पुन्हा सुरू झाला. १९८० मध्ये व्हिक्टोरियातच अशा यंत्राने सत्तावीस किलोचा गोळा सापडला, तो लास व्हेगासच्या एका जुगारघराने विकत घेतला आणि लोकांना बघायला ठेवला. आता हिशेब उलटा झाला होता. पानासारखं, तारेसारखं किंवा गारेत अडकलेलं सुंदर नैसर्गिक सोनं वितळवलं तर तोटा. संग्राहक त्याला वजनाच्या भावाहून कितीतरी जास्त मोजतात. आमच्या पोराने बघितलेल्या व्हिडिओंचं मूळ इथे आहे.

खानदेशात सोनं आलं ते कापसातून. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, मँचेस्टरला कापूस मिळेना, इथला भाव चढला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला आली. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा त्या तेजीतल्याच. पुढे केळीचा पैसा आला. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ती या पैशावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. मध्ये १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी घातली, सोनारांचे हात रिकामे झाले. नियंत्रणाचा कायदा पुरता जायला १९९० उजाडलं.

आणि या बाजाराच्या मागच्या बोळात खानदेशातला खरा सोनं धुणारा बसतो: झारेकरी. कुणी धूळधोया म्हणतं. कानस चालली की सोन्याचा कीस उडतो, तो फरशीवर, बसक्यांत, कारागिरांच्या नखांत जातो. म्हणून दुकानाचा केर फेकत नाहीत, विकतात. हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतात. ओळखीतून मी त्या पोराला घेऊन अशा एका झारेकऱ्याकडे गेलो. पहाटेच बोळ झाडून झाला होता. केर आधी जाळायचा, राख कुटायची, चाळायची, मग पसरट भांड्यात पाण्याने धुवायची. मनगटाचा तोच झोका, जो पोराने व्हिडिओत बघितला होता. तळाशी काळं उरलं, त्याच्यावर त्याने चुंबक फिरवला: कानशीचं लोखंड. उरलेल्यात पारा कालवायचा, पारा कण धरतो. तो फडक्यातून पिळायचा आणि गोळी तापवायची. चांदी वेगळी करायला तेजाब. हे काम अंगावर येतं. जगात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा अशाच छोट्या सोनंधुण्याचा आहे. तो म्हणाला, बापाचे हात म्हातारपणी थरथरायचे. स्वतः मात्र दाराकडे पाठ करून, उघड्यावर गोळी तापवतो, एवढीच सुधारणा.

आठ दिवसांच्या केरातून निघालेला मणी त्याने नखावर ठेवून दाखवला. गुंजेहून थोडा मोठा. गुंज म्हणजे जुन्या तोळ्याचा शहाण्णवावा भाग.

नदीत सोनं शोधायला परवाना लागतो. १९५७ च्या खनिज कायद्यात सोनं हे प्रमुख खनिज आहे. हे पोराला तेव्हा माहीत नव्हतं, बाबांनाही नव्हतं. गुप्तधनाचं वेड त्याहून वाईट: १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं निधान सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, आणि त्यापायी होणाऱ्या अघोरी प्रकारांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

काळ्या कातळाने संग्राहकांना रिकाम्या हाताने मात्र पाठवलेलं नाही. लाव्हाच्या बुडबुड्यांच्या पोकळीत अपोफिलाइट आणि स्टिलबाइटचे स्फटिक वाढले, आणि जळगावच्या दगडखाणींतले नमुने जगभरच्या संग्रहांत आहेत. विहीर खोदताना मजूर त्यांना गारगोटी म्हणून घणाने फोडून टाकतात. पोराला मी हे सांगितलं, त्याने मान हलवली. त्याचं लक्ष मण्याकडे होतं.

निघताना त्याने पिशवीतून हिरवा थाळा काढून झारेकऱ्याला दाखवला. त्याने खाचांवरून अंगठा फिरवला, पिंपातलं पाणी घेऊन एकदा झोका देऊन बघितला, आणि केवढ्याला पडला ते विचारलं. थाळा आता बोळातच असतो.