डिफरेन्शियल, मागील आसाचे : रस्त्यावरच्या गाडीसाठी निवड (खानदेश)

मोटारगाडीच्या मागील आसाच्या मधोमध, हौसिंगमध्ये (बंद आवरणात) बसवलेली दंतचक्रांची जुळणी. प्रोपेलर शाफ्टने आलेली इंजिनाची फिरकी क्राऊन (मोठे दंतचक्र) व पिनियन (त्याला फिरवणारे लहान दंतचक्र) यांच्या जोडीवर काटकोनात वळते आणि स्पायडर व साइड गिअर या आतल्या लहान दंतचक्रांमधून दोन्ही चाकांना मिळते; वळणावर ही जुळणी त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांत मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या (बोलेरो, सुमो, ईको, जुनी इनोव्हा, पिकअप) अजून मोठ्या संख्येने आहेत. पकड वाढवण्यासाठी त्यांत कोणते डिफरेन्शियल योग्य, याचा विचार या नोंदीत केला आहे.

गरज : दोन चाकांमधले अंतर १.४ मी. धरले, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे २.२ मी. जास्त चालते. वळण अरुंद असो वा रुंद, हा फरक तेवढाच राहतो. ७० सेंमी. व्यासाच्या टायरचा परीघही जवळपास तेवढाच, म्हणजे दर काटकोनी वळणाला बाहेरच्या चाकाचा एक अख्खा फेरा जास्त होतो. बैलगाडीची चाके न फिरणाऱ्या आसावर सुटी फिरतात, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. एकाच शाफ्टने दोन्ही चाके ओढायची वेळ आली तेव्हा ती उभी राहिली.

इतिहास : उगमाविषयी एकमत नाही. चिनी ग्रंथांतील दक्षिणदर्शी रथ इ. स. तिसऱ्या शतकात मा च्युन याने बनवल्याचे सांगितले जाते. रथ कसाही वळला तरी त्यावरच्या आकृतीचा हात दक्षिणेकडेच राही. त्यात डिफरेन्शियल असावे अशी मांडणी ब्रिटिश अभियंता जॉर्ज लँचेस्टर याने केली व चिनी विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडॅम यांनीही त्या शक्यतेची दखल घेतली. मात्र मूळ रथ उरलेला नाही. नंतरच्या सुंग राजवटीच्या काळातील वर्णनाचा अर्थ, वळणावर दंतचक्रे गुंतवणे व सोडवणे, असाही लावला जातो आणि तो अधिक सरळ वाटतो. शिवाय डिफरेन्शियल होते असे मानले, तरी तिथे चाके दंतचक्रांना फिरवत होती, दंतचक्रे चाकांना नव्हे. ग्रीसजवळच्या समुद्रातून १९०१ मध्ये वर काढलेल्या अँटिकिथेरा या प्राचीन दंतचक्री यंत्रातही डिफरेन्शियल असल्याचे विज्ञानाचे इतिहासकार डेरेक प्राइस यांनी १९७४ मध्ये मांडले होते. पुढच्या क्ष-किरण तपासण्यांनंतर अभ्यासकांनी ते बहुतांशी सोडून दिले.

निश्चित पुरावा मिळतो तो १७२० च्या सुमारास, लंडनचा घड्याळजी जोसेफ विल्यमसन याच्या घड्याळात. चाकांना शक्ती पोचवण्यासाठी हीच रचना पॅरिसच्या ओनेझिफोर पेकर याने वाफेच्या गाडीत योजली. त्याच्या पेटंटचे वर्ष बहुधा १८२७, क्वचित १८२८ दिले जाते. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली याने १८७७ मध्ये ती तीनचाकी सायकलला लावली. मोटारगाडीपुरता इतिहास पेकरपासून मोजणेच सुरक्षित.

घसरण रोखणारे, म्हणजे लिमिटेड स्लिप (एलएसडी) डिफरेन्शियल मोटारशर्यतींतून आले. जर्मनीतील ऑटो युनियन कंपनीच्या शर्यती गाडीचे एक मागचे चाक मोठ्या वेगातही जागेवर गरगरे, म्हणून फर्डिनंड पोर्शे यांनी १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडून असे डिफरेन्शियल तयार करवून घेतले. रस्त्यावरच्या गाड्यांत ते १९५६ च्या सुमारास अमेरिकेत पॅकार्ड व स्टुडबेकरने दिले. निव्वळ दंतचक्रांवर चालणारे टॉर्सन हे व्हर्नन ग्लीझमन यांचे. त्यांचे पेटंट १९५८ चे.

साध्या डिफरेन्शियलचा दोष : साधे (ओपन) डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देते, आणि तो कमी पकड असलेल्या चाकाला पेलेल तेवढाच असतो. खानदेशात हा दोष पावसाळ्यात साइडपट्टीवर हमखास उघडा पडतो. समोरून ट्रक आला की डावी चाके खाली उतरवावी लागतात. इथल्या काळ्या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते. तो चिखल टायरच्या खाचांत गच्च बसतो आणि टायर गुळगुळीत होतो. रावेर-यावल पट्ट्यात ठिबकने ओल्या राहिलेल्या शेतातून केळीचे घड भरून बाहेर पडणाऱ्या पिकअपची भर उन्हाळ्यातही हीच गत होते.

हिशोब असा. प्रत्येक मागच्या चाकावर ४०० किलो भार आहे. डांबरावर घर्षणांक ०.७, ओल्या मातीत ०.२ धरला, तर मातीतले चाक ८० किलोपर्यंत ओढ देते. डांबरावरचे चाक २८० किलो देऊ शकले असते, पण साध्या डिफरेन्शियलमध्ये त्यालाही ८०च मिळतात. एकूण ओढ १६०. टॉर्क तिप्पट प्रमाणात वाटू शकणारे एलएसडी असेल तर ८० अधिक २४०, म्हणजे ३२०. तीच गाडी, तेच टायर, आणि ओढ दुप्पट.

प्रकार व निवड : तिरप्या दात्यांची (हेलिकल किंवा टॉर्सन) रचना ज्या चाकाला पकड आहे त्याच्याकडे टॉर्क आपोआप वळवते, आवाज करत नाही, आणि तिच्यात झिजणाऱ्या प्लेट नसतात. गाडी मुख्यतः डांबरावर चालत असेल, म्हणजे धुळे-सुरत महामार्ग, चाळीसगावचा औट्रम घाट, रोजचे तालुक्याचे येणे-जाणे, तर हीच निवड सर्वांत समाधानकारक ठरते. तिची मर्यादा वरच्याच हिशोबात आहे : एक चाक हवेत गेले की त्याची ओढ शून्य, आणि शून्याची तिप्पट शून्यच.

प्लेटचे, म्हणजे एकमेकींवर दाबलेल्या घर्षण-प्लेटवर चालणारे, एलएसडी इथे थोडे सरस. आधीच दिलेल्या दाबामुळे (प्रीलोड) चाक उचलले तरी दुसऱ्याला काही टॉर्क मिळतोच. ते वन-वे (फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर लागणारे), दीड-वे (सोडल्यावर थोडेच लागणारे) व टू-वे (दोन्ही वेळी लागणारे) अशा प्रकारांत येते. रस्त्यासाठी पहिली दोन, तीही कमी प्रीलोडची, पुरेशी आहेत. टू-वे हे शर्यतीचे साधन : अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही ते चाकांना बांधून ठेवते आणि अरुंद वळणावर गाडी सरळ रेटते. सिलिकॉन द्रवावर चालणारे व्हिस्कस प्रकारचे डिफरेन्शियल उशिरा जागे होते व द्रव जुना झाला की मंदावते. मुद्दाम बसवण्याजोगे नाही.

तोरणमाळच्या (उंची सुमारे १,१५० मी.) वाटेवर किंवा तळोद्याहून धडगावला जाणाऱ्या चांदसैली घाटाच्या पलीकडे, पाड्यांकडे वळणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर चाक खरोखर उचलले जाते. तिथे लॉकरच, म्हणजे गरजेपुरती दोन्ही चाके एकत्र जखडणारे डिफरेन्शियल, हवा. महिंद्राच्या थार व बोलेरो निओच्या काही आवृत्त्यांत तो कारखान्यातूनच येतो. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजने बाहेर फेकली जाऊन तो लागतो आणि साधारण ताशी ३० किमी.च्या पुढे लागतच नाही. त्यामुळे डांबरावर त्याचा त्रास होत नाही. ही सोय असलेली गाडी घेता येत असेल तर नंतर हौसिंग उघडण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

स्पायडर गिअर वेल्ड करून दोन्ही चाके कायमची जखडण्याचा स्वस्त उपाय रस्त्यावरच्या गाडीला घातक आहे. प्रत्येक काटकोनी वळणाला जो एक फेरा चाकाने मोकळेपणी घ्यायचा, तो टायर रस्त्यावर घासून किंवा अ‍ॅक्सलला पीळ देऊन भागवावा लागतो. ओल्या घाटात अशा गाडीचा मागचा भाग बाहेर सरकतो, आणि आत माणसे बसलेली असतात.

कोणतेही डिफरेन्शियल पकड निर्माण करत नाही, असलेली पकड कामाला लावते. त्यामुळे टायर झिजले असतील तर पैसे आधी तिथे घालावेत.

बसवणी व देखभाल : अ‍ॅक्सलच्या स्प्लाइनची (टोकावरच्या लांबट खाचांची) संख्या व क्राऊनचा व्यास जुळल्याशिवाय नवा संच घेऊ नये. क्राऊन-पिनियनमधली ढिलाई मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत राखावी लागते. दात्यांना रंग लावून, फिरवून, ठसा दात्याच्या मध्यावर येतो का ते पाहतात. हे काम घाईत झाले की हौसिंगमधून रडल्यासारखा आवाज येऊ लागतो. प्लेटच्या एलएसडीला घर्षण-सुधारक मिसळलेले गिअर ऑइल लागते. साधे ऑइल भरल्यास वळणावर खडखड येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत, हे काम हाती घेण्यापूर्वी पाहावे.

जुन्या गाडीत काय बसवले आहे हे ओळखण्यासाठी दोन्ही मागची चाके जॅकवर उचलून, गिअर न्यूट्रल ठेवून एक चाक हाताने फिरवतात. दुसरे उलट फिरले तर डिफरेन्शियल साधे, त्याच दिशेने फिरले तर प्लेटचे किंवा जखडलेले. प्रीलोड नसलेले हेलिकल मात्र या तपासणीत साध्यासारखेच वागते. ते ओळखायला हौसिंगचे झाकण काढावे लागते.