मोड टाकल्यावर गेम बंद पडतो? पीसी फॉरमॅट करायच्या आधी हे वाचा

मे महिन्याची सुट्टी लागली की दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "काल रात्रीपर्यंत चालत होता, आज उघडतच नाही!" सोबत रिक्षातून आणलेला सीपीयू. एका पालकांना तर दुसरीकडे नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला सांगितलं होतं. दोष निघाला एका मोडमध्ये, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या, बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या फाइलमध्ये.

आधी आठवा, काल काय बदललं? नवा मोड टाकला, की गेम अपडेट झाला? जीटीए फाइव्हमध्ये बहुतेकदा गेमच अपडेट झालेला असतो. त्याचे स्क्रिप्ट मोड 'स्क्रिप्ट हूक व्ही' या मदतनीस प्रोग्रामवर चालतात आणि गेम आपोआप अपडेट झाला की या हूकला गेमचं नवं व्हर्जन ओळखता येत नाही. हूकचं नवं व्हर्जन येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. तोवर गेमच्या (जुन्या, 'लेगसी' आवृत्तीच्या) फोल्डरमधली 'डीइनपुट८.डीएलएल' ही फाइल दुसरीकडे हलवून ठेवा, म्हणजे गेम मोडशिवाय सुरू होतो. मोडसकट ऑनलाइन मात्र जाऊ नका, खातं बंद होऊ शकतं.

माइनक्राफ्टची (जावा एडिशन) गोष्ट वेगळी. फोर्ज आणि फॅब्रिक हे मोड चालवणारे दोन वेगळे प्रोग्राम; फोर्जमध्ये फॅब्रिकचा मोड टाकलेला असणं, ही आम्हाला सर्वांत जास्त दिसणारी चूक. तसं नसेल तर अर्धे-अर्धे करून शोधा. मोड ६४ असतील तर ३२ बाहेर काढा आणि गेम लावून पाहा. चालला, तर दोषी बाहेरच्या ३२ मध्ये. नाही, तर आतल्या. पुन्हा अर्धे करा. सहा फेऱ्यांत चोर सापडतो. काही मोडना सोबत दुसरी लायब्ररी (मदतीची फाइल) लागते, ती जोडी फोडू नका.

पण त्याआधी 'सेव्हज' फोल्डरची (यात तुमची वर्ल्ड्स असतात) कॉपी काढाच, आणि तपासणी नव्या वर्ल्डमध्ये करा. मोड काढून जुनं वर्ल्ड उघडलं की त्या मोडचे ब्लॉक गायब होतात, आणि मोड परत टाकला तरी ते येत नाहीत. चार महिने बांधलेला किल्ला असा गेल्यावर रडणारा मुलगा आम्ही पाहिलाय.

गेम उघडतो पण अडखळतो? माइनक्राफ्टचा लाँचर मुळात २ जीबी रॅम देतो, भरपूर मोडना ती पुरत नाही. इन्स्टॉलेशनच्या सेटिंगमध्ये 'एक्सएमएक्स२जी'मधल्या २ च्या जागी ४ करा. ८ जीबीच्या मशीनवर ६ देऊ नका, विंडोजलाही जेवायला लागतं.

फॉरमॅट खरंच करावं लागतं ते एका कारणासाठी : मोडमधून व्हायरस शिरला तर. जून २०२३ मध्ये कर्सफोर्जसारख्या, मोड मिळण्याच्या नावाजलेल्या ठिकाणच्या काही माइनक्राफ्ट मोडमध्येही पासवर्ड चोरणारा 'फ्रॅक्चरायझर' निघाला होता. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगणारा मोड दिसला तर टाकूच नका. टाकून झाला असेल तर पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला आणि मगच आमच्याकडे या.

बाकी वेळी सीपीयू उचलून आणू नका. माइनक्राफ्टच्या 'क्रॅश-रिपोर्ट्स' फोल्डरमधली सगळ्यात नवी फाइल व्हॉट्सॲपवर पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, त्यात निम्मी ओळ कापलेली असते.