म्हाताऱ्या रनिंग बॅकची किंमत कोणी ठरवायची?

२९ वर्षांचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) दिला, बदल्यात २२ वर्षांचा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) घेतला. सौदा लीगच्या ग्रुपवर झळकतो आणि पाच मिनिटांत बाकीचे दहा जण तुटून पडतात: ही लूट आहे, हे संगनमत आहे, कमिशनरने, म्हणजे लीग चालवणाऱ्याने, सौदा रद्द करावा. गंमत अशी, की पाच जणांच्या मते पहिल्याने दुसऱ्याला लुटलेलं असतं आणि उरलेल्या पाच जणांच्या मते दुसऱ्याने पहिल्याला.

हे चित्र अमेरिकेतल्या ‘डायनेस्टी’ प्रकारच्या फँटसी फुटबॉल लीगचं आहे. इथला फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा, लंबगोल चेंडूचा. ऑकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख आणि त्यांच्या काही सोबत्यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात या खेळाचे नियम बसवले. खऱ्या एनएफएलमधले, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमधले, खेळाडू आपापल्या कागदी संघात वाटून घ्यायचे आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात जमा करायचे. साध्या लीगमध्ये हंगाम संपला की सगळी पाटी कोरी होते. डायनेस्टीत ती होत नाही. एकदा घेतलेला खेळाडू विकेपर्यंत किंवा सोडेपर्यंत तुमचाच. दरवर्षी फक्त नव्याने एनएफएलमध्ये आलेल्या पोरांचा, म्हणजे रूकींचा, ड्राफ्ट (पाळीपाळीने निवड) होतो. त्या ड्राफ्टमधली आपली पाळी, म्हणजे ‘पिक’, दोन-तीन वर्षं आधीच विकता येते.

आपल्याकडे फँटसी म्हटलं की मुंबईच्या ड्रीम इलेव्हनचं नाव निघतं. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे तिथले सामने बंद झाले, पण ते चालू होते तेव्हाही तिथे संघ एका सामन्यापुरता असे. सौद्याचा प्रश्नच नव्हता. न्यू जर्सीत किंवा बे एरियात ऑफिसातल्या मित्रांनी डायनेस्टीत ओढलेल्या मराठी माणसाला पहिल्याच वर्षी कळतं, की इथली खरी लढाई रविवारी, सामन्यांच्या दिवशी, होत नाही. ती मधल्या बुधवारी, देवघेवीत होते.

खऱ्या एनएफएलमध्ये या प्रकारचा सर्वांत गाजलेला सौदा १२ ऑक्टोबर १९८९चा. डॅलस काउबॉइजने आपला सर्वांत नावाजलेला खेळाडू, २७ वर्षांचा रनिंग बॅक हर्शेल वॉकर, मिनेसोटा व्हायकिंग्जला दिला. बदल्यात पाच खेळाडू आले आणि त्या खेळाडूंना चिकटवलेले, एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमधले पिक आले. अट अशी, की ठरलेल्या तारखेआधी डॅलसने एखाद्या खेळाडूला सोडलं तर त्याच्याऐवजी पिक मिळणार. मिनेसोटाला वाटलं, बुडत्या डॅलसला खेळाडूच हवे असणार. डॅलसचा प्रशिक्षक जिमी जॉन्सन याची नजर पहिल्या दिवसापासून पिकवर होती. त्या वर्षी डॅलसने १६पैकी एकच सामना जिंकला. पण त्या पिकच्या भांडवलावर, काही पुढे पुन्हा विकून, एमिट स्मिथ आणि डॅरेन वूडसनसारखे खेळाडू आले, आणि १९९२, १९९३ व १९९५च्या हंगामांत डॅलसने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचं अजिंक्यपद, जिंकला. वॉकर मिनेसोटात एकाही हंगामात एकूण हजार यार्ड (चांगल्या रनिंग बॅकची रूढ पायरी) धावला नाही.

हा सौदा अन्यायाचा होता का? निकाल पाहून सगळे ‘हो’ म्हणतात. मला ते उत्तर फार सोपं वाटतं. मिनेसोटाला त्याच वर्षी सुपर बोल हवा होता आणि त्यांच्या संघाला एक दमदार धावणारा कमी पडत होता. त्यांनी वॉकर किती चालेल याचा अंदाज चुकवला, आणि समोरच्याला काय हवंय हे ओळखलं नाही. ही चूक आहे, त्यांच्यावर झालेला अन्याय नाही.

पुढे डॅलसमध्येच माइक मॅकॉय या भागीदाराने पिकच्या किमतींचा तक्ता बनवला. पहिल्या क्रमांकाचा पिक ३००० गुणांचा, दुसरा २६००चा, दहावा १३००चा, बत्तिसावा ५९०चा. म्हणजे पहिला पिक हवा असेल तर पहिल्या फेरीच्या शेवटचे पाच पिक मोजायचे. हा तक्ता हळूहळू सगळ्या एनएफएलचं चलन झाला. मग केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (२०१७चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी) यांनी तो तपासायला घेतला. आधीच्या पिकवर घेतलेला खेळाडू त्याच जागेवर खेळणाऱ्या, त्याच्यानंतर लगेच घेतलेल्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांना ५२ टक्क्यांच्या आसपास दिसली. नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरी. संघ मात्र त्या एका पायरीसाठी भरमसाट किंमत मोजत होते. त्यांचा दुसरा निष्कर्ष, की पहिले काही पिक पगाराच्या मानाने महाग पडतात, फँटसीला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण बहुतेक डायनेस्टी लीगमध्ये पगारच नसतो. पण तिसरा थेट लागू पडतो. आजचा दुसऱ्या फेरीचा पिक द्या आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा घ्या, असा तिथला रूढ भाव होता. व्याजाच्या भाषेत मांडलं तर हा दर वर्षाला शंभर टक्क्यांच्या कितीतरी वर जातो. ज्याला थांबता येतं त्याला अधीर माणसांकडून सावकारी व्याज मिळत होतं.

आजच्या फँटसी खेळाडूकडे तक्त्याऐवजी सौदे तोलणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर असतात. त्यातलं कीपट्रेडकट सर्वांच्या तोंडी. उघडलं की तीन नावं समोर येतात: एकाला ठेवा, एकाला विका, एकाला सोडून द्या. या एका उत्तरातून तीन जोड्यांची तुलना मिळते, कोण कोणाच्या वर. अशा असंख्य उत्तरांतून प्रत्येक खेळाडूला एक आकडा चिकटतो. यामागचं गणित जुनं आहे. माणसाला ‘ही गोष्ट किती चांगली’ हे आकड्यात सांगता येत नाही, पण ‘दोन्हींत कोणती बरी’ हे सांगता येतं, आणि तेवढ्यावरून मोजपट्टी उभी करता येते, हे मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ साली दाखवलं. बुद्धिबळातलं एलो मानांकन याच घराण्यातलं.

पण हा आकडा खेळाडू किती गुण मिळवेल हे सांगत नाही. लोकांना तो किती हवासा वाटतो, एवढंच सांगतो. शिवाय उत्तर देणाऱ्यांनी कालचे आकडे पाहिलेले असतात, त्यामुळे एकाचं मत दुसऱ्यापासून वेगळं राहत नाही. बाजारभाव म्हणून तो उपयोगी आहे. उद्या हा खेळाडू विकायचा झाला तर काय मिळेल, हे त्यावरून कळतं. न्यायाचा तराजू म्हणून तो वापरायला माझा ठाम विरोध आहे.

पहिली अडचण बेरजेची. पन्नासच्या दोन नोटा म्हणजे शंभर, हा व्यवहार इथे चालत नाही, कारण मैदानात उतरवायच्या जागा मोजक्या असतात. समजा एक खेळाडू हंगामात ३०० गुण मिळवतो आणि त्याच्या बदल्यात १७०-१७० गुणांचे दोघे मिळतायत. ३४० विरुद्ध ३००, दोघे घेणारा खूश. पण कोणाच्याही संघात नसलेला, फुकट उचलता येणारा खेळाडूच १४० गुण मिळवत असेल तर? मोजायची ती त्याच्यावरची भर. एका बाजूला १६०, दुसऱ्या बाजूला ३० अधिक ३०, म्हणजे ६०. सौदा सपशेल एकतर्फी. शिवाय दुसऱ्याला जागा करण्यासाठी आपल्याकडचा कोणीतरी सोडावा लागतो तो वेगळाच. आता हाच सौदा मोठ्या लीगमध्ये न्या, जिथे संघ इतके भरगच्च आहेत की फुकट मिळणारा खेळाडू फक्त ६० गुणांचा आहे. भर २४० विरुद्ध २२०. जवळपास बरोबरी. खेळाडू तेच, गुण तेच, लीगचे नियम बदलले आणि लुटीचा सौदा रास्त झाला. दोन क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे) खेळवता येणाऱ्या लीगमध्ये क्वार्टरबॅकचा भाव गगनाला भिडतो तोही याच हिशेबाने. म्हणूनच आपल्या लीगचे नियम न सांगता कोणी ‘हा सौदा बरोबर आहे का’ असं विचारलं, तर त्या प्रश्नाला उत्तरच नसतं.

दुसरी अडचण काळाची, आणि डायनेस्टीचं मर्म तिथेच आहे. रनिंग बॅक रोज धडका खातो, सत्ताविशी-अठ्ठाविशीनंतर बहुतेकांचा उतार सुरू होतो. रिसीव्हर त्याहून थोडे जास्त टिकतात. क्वार्टरबॅकची गोष्टच निराळी, टॉम ब्रेडी ४५ वर्षांचा होईपर्यंत खेळला. सुरुवातीच्या सौद्याला आकडे देऊन पाहू. हे आकडे मी हिशेब कळावा म्हणून धरले आहेत. २९ वर्षांचा रनिंग बॅक यंदा १०० गुणांची भर घालेल, पुढच्या वर्षी ५०, मग शून्य. २२ वर्षांचा रिसीव्हर यंदा २०, मग ६०, ८०, ८०. सरळ बेरीज १५० विरुद्ध २४०. ग्रुपवरचे पाच जण हीच बेरीज करून ओरडत असतात.

आता मालकांकडे बघा. एकाचा संघ यंदा जिंकण्याच्या दारात आहे. त्याच्या लेखी दर पुढच्या वर्षाची किंमत आधीच्या वर्षाच्या निम्मी. त्याच्या हिशेबाने रनिंग बॅक १२५चा आणि रिसीव्हर ८०चा. दुसऱ्याचा संघ तळाला आहे. यंदाचे गुण त्याला शून्य किमतीचे, पुढची तिन्ही वर्षं पूर्ण किमतीची. त्याच्या हिशेबाने रनिंग बॅक ५०चा, रिसीव्हर २२०चा. पहिल्याने ८० देऊन १२५ मिळवले, दुसऱ्याने ५० देऊन २२०. कोणीच लुटलं गेलं नाही. उलट दोघांचे हिशेब तंतोतंत सारखे असते तर सौदा करण्यात काही अर्थच उरला नसता.

कोणी म्हणेल, पहिल्याचा फायदा ४५ आणि दुसऱ्याचा १७०, ही वाटणी तरी बरोबर आहे का? पण एकाचे ४५ आणि दुसऱ्याचे १७० एकाच पट्टीवर मोजलेले नाहीत. एकासाठी ते यंदाचं अजिंक्यपद असेल, दुसऱ्यासाठी तीन वर्षांनंतरची आशा. जॉन नॅशने १९५०च्या आपल्या वाटाघाटीच्या सिद्धांतात हीच अट घातली होती, की दोघांच्या समाधानाची मापं एकमेकांशी जुळवून पाहायची नाहीत.

भविष्यातले पिक यात आणखी एक पेच घालतात. बहुतेक लीगमध्ये तळाचा संघ ड्राफ्टमध्ये आधी निवडतो. त्यामुळे जिंकणाऱ्या संघाचा पिक शेवटी येतो आणि स्वस्त ठरतो. तुम्ही त्याला तुमचा रनिंग बॅक दिला, तो आणखी जिंकला, आणि बदल्यात घेतलेला त्याचाच पिक आणखी खाली घसरला. सौद्याने सौद्याचीच किंमत बदलली. कॅल्क्युलेटरला हे दिसत नाही.

इतके फायद्याचे सौदे शक्य असूनही बरेचसे होतच नाहीत. आपलं ते आपल्याला महाग वाटतं. थेलर यांनीच डॅनियल काहनेमन आणि जॅक नेट्श यांच्याबरोबर १९९०मध्ये छापलेल्या प्रयोगात काहींना कॉफीचे मग देऊन टाकले. ज्यांच्या हाती मग आला त्यांनी तो विकायला सुमारे ७ डॉलर मागितले. ज्यांच्याकडे मग नव्हता ते ३ डॉलरही द्यायला तयार नव्हते. तीन वर्षं जोपासलेल्या रिसीव्हरचं काय होत असेल याची कल्पना करा.

मग न्याय कधी पाहायचा? टॉड गर्ली घ्या. २०१८च्या उन्हाळ्यात तो डायनेस्टीतल्या सर्वांत महाग रनिंग बॅकपैकी एक होता. तेव्हा ज्याने त्याला विकलं तो डिसेंबरच्या मध्यापर्यंत मूर्ख ठरला, कारण गर्लीने त्या हंगामात २१ टचडाउन केले (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला). मग गुडघ्यामुळे तो शेवटचे दोन आठवडे खेळलाच नाही, आणि बहुतेक फँटसी लीगचा अंतिम सामना नेमका त्याच दिवसांत होता. मार्च २०२०मध्ये त्याच्या संघाने, रॅम्सने, त्याला सोडलं. त्या वर्षी तो अटलांटाकडून खेळला आणि २६व्या वर्षी कारकीर्द आटोपली. एकच सौदा, तीन तारखांना तीन निवाडे. सौदा झाला त्या दिवशी दोघांना काय माहीत होतं एवढंच धरायला हवं. एकाला दुखापतीची बातमी आधी कळली असेल तर? लीगमध्ये यावर कायम भांडणं होतात. माझ्या मते बातमी सगळ्यांना खुली असेल तर जागरूक असणं हा खेळाचाच भाग आहे. पण नवख्याला वर्षात तिसऱ्यांदा असं गाठणारा माणूस लीगच संपवतो, कारण नवखा पुढच्या वर्षी परत येत नाही.

काही लीगमध्ये सौदा मतदानाला टाकतात. ही पद्धत मला पटत नाही. मत देणारे दहाही जण प्रतिस्पर्धी असतात आणि कोणाचाही संघ मजबूत होणं त्यांना नकोच असतं. कमिशनरने एकच गोष्ट तपासावी: दोघांपैकी प्रत्येकाला आपल्या संघाचं यातून काय भलं होतं हे सांगता येतं का. संगनमत करणाऱ्याला ते सांगता येत नाही.

बाकीच्या दहा जणांचं खरं नुकसान वेगळ्या ठिकाणी होतं. एखादा मालक पुढच्या तीन वर्षांचे सगळे पिक विकून यंदाचं अजिंक्यपद मारतो आणि हंगाम संपल्यावर लीग सोडून जातो. मागे उरतो म्हातारे खेळाडू असलेला, पिक नसलेला संघ, जो कोणी फुकटही घेत नाही. यावर अनेक लीगमध्ये एक साधा नियम आहे: ज्या वर्षाचा पिक विकाल त्या वर्षाची वर्गणी आजच भरा. आणि तरीही असे दोन-तीन पोरके संघ जमलेच, तर त्यांचे सगळे खेळाडू आणि पिक एका ढिगात टाकून नव्या मालकांमध्ये पुन्हा ड्राफ्ट घेतात.