लॅकॉक एवढं जुनं कसं काय राहिलं?

लंडनहून स्टोनहेंज आणि बाथ एका दिवसात उरकणाऱ्या काही बसेस वाटेत लॅकॉकला थांबतात. लोक उतरतात, फोटो काढतात, 'काय शांत गाव आहे ना' म्हणतात आणि परत बसमध्ये. पण ही शांतता आपोआप आलेली नाही, सगळा सातबाऱ्याचा खेळ आहे.

इंग्लंडच्या विल्टशायरमधलं हे गाव म्हणजे जेमतेम चार रस्ते. १२३२ साली सॉल्सबरीची काउंटेस एला हिने इथे ख्रिस्ती जोगिणींचा (नन्सचा) मठ काढला आणि गाव मठाच्या मालकीचं झालं. पैसा लोकर आणि कापडाचा. जॉर्ज इन नावाच्या जुन्या खानावळीत चुलीपाशी एक लाकडी चाक अजून आहे, त्यात कुत्रं पळवायचे म्हणजे सळईवरचं मांस गोल फिरत भाजलं जायचं (बिचारं कुत्रं, वास घेत पळायचं!).

१५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केला, मग विल्यम शॅरिंग्टनने तो विकत घेतला, चर्च पाडलं पण बाकीचा मठ ठेवून त्याचंच घर केलं. हाच माणूस पुढे ब्रिस्टलच्या टांकसाळीत घोटाळा करताना पकडला गेला, तरी सुटला. त्याची पुतणी टालबटांच्या घरात दिली आणि मठ, गाव सगळं त्या घराण्याकडे गेलं. नंतर कापडधंदा गिरण्यांकडे गेला, १८४१ मध्ये लंडनची मोठी रेल्वे इथे न येता जवळच्या चिपनहॅमवरून गेली, त्यामुळे इथे पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसाही नव्हता आणि कारणही. १९४४ मध्ये मटिल्डा टालबटने अख्खं गावच नॅशनल ट्रस्टला (जुन्या वास्तू जपणारी संस्था) देऊन टाकलं, त्यामुळे आजही बहुतेक घरांत भाडेकरूच राहतात आणि जुन्या काळातले सिनेमे काढणाऱ्या शूटिंगवाल्यांना विजेच्या तारा लपवत बसावं लागत नाही.

मठाच्या एका गॅलरीत जाळीची खिडकी आहे. १८३५ च्या ऑगस्टमध्ये त्याच घराण्यातल्या हेन्री फॉक्स टालबटने छोट्या लाकडी पेटीतून तिचा फोटो काढला, आज शिल्लक असलेली सगळ्यात जुनी निगेटिव्ह हीच. त्या पेट्या घरभर ठेवलेल्या असायच्या, बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. निगेटिव्ह टपाल तिकिटाएवढी, पण भिंगातून काचेचे साधारण २०० तुकडे मोजता येतात असं त्यानेच लिहून ठेवलंय. मठाला तिकीट आहे आणि बस तासाभरात निघते, म्हणून बरेच जण गावातले फोटो काढतात आणि खिडकी न बघताच जातात.