सोरायसिसचा उद्रेक, औषध थांबवल्यानंतरचा

संधिवातावरचे औषध बंद केल्यावर किंवा झपाट्याने कमी केल्यावर दबलेला सोरायसिस (लाल, खवलेदार डागांचा त्वचाविकार) पुन्हा वर येणे. सोरायटिक संधिवातात, म्हणजे सोरायसिससोबतच्या सांधेदुखीत, हे विशेष दिसते, कारण तिथे एकच औषध सांधे आणि त्वचा दोन्ही सांभाळत असते. बोटांची सूज उतरली की रुग्ण गोळी सोडतो. कोपर, कानामागची त्वचा, बेंबी इथले डाग तेव्हा त्याच्या हिशेबात नसतात.

पुनरावर्तन आणि प्रत्याघात हे शब्द व्यवहारात सरमिसळ होतात. पहिल्यात आजार जुन्या पातळीकडे परततो. दुसऱ्यात तो मूळ पातळीही ओलांडतो. रूढ व्याख्येनुसार औषध थांबवल्यापासून 3 महिन्यांत पासी गुणांक (सोरायसिसची तीव्रता मोजणारा, 0 ते 72) उपचारापूर्वीच्या 125 टक्क्यांवर गेला किंवा पुळ्यांचा वा सर्वांगलालीचा (जवळपास सगळी त्वचा लाल होण्याचा) नवा प्रकार उमटला, तरच प्रत्याघात म्हणावे. ही काटेकोर व्याख्या पाळावी हे बरे. एरवी प्रत्येक खाजेला प्रत्याघात म्हटले जाते.

स्टेरॉइडचा वाटा वादग्रस्त आहे. सर्वांगी पुळ्यांचा प्रकार त्वचारोगतज्ज्ञ लिओ फॉन झुम्बुश यांनी 1910 मध्ये वर्णिला, म्हणजे कॉर्टिझोन या स्टेरॉइडच्या वापराच्या सुमारे चार दशके आधी. बेकर व रायन यांनी 1968 मध्ये 104 रुग्णांच्या अभ्यासात स्टेरॉइड थांबवण्याकडे एक निमित्त म्हणून बोट दाखवले आणि तेच मत पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. 2011 मध्ये काही रुग्णांत इंटरल्युकिन-36 या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला आवर घालणाऱ्या जनुकात दोष सापडला. अलीकडच्या मोठ्या रुग्णनोंदींत स्टेरॉइडनंतरचा गंभीर उद्रेक जुन्या समजापेक्षा विरळ आढळतो. तेव्हा स्टेरॉइड हे मूळ कारण नसून मुळातच प्रवण असलेल्या त्वचेला मिळालेले निमित्त, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. सावधगिरी मात्र त्यामुळे कमी होत नाही.

उद्रेक केव्हा येईल हे औषधावर ठरते. सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधानंतर तो काही आठवड्यांतच येऊ शकतो. मेथोट्रेक्सेट ही संधिवात व सोरायसिसची गोळी पेशींत साठून राहत असल्याने त्याचा परिणाम हळूहळू ओसरतो. इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या जैविक औषधांपैकी अडालिमुमॅबचे अर्धायुष्य (शरीरातले प्रमाण निम्मे होण्याचा काळ) सुमारे 2 आठवडे, सेक्युकिनुमॅबचे सुमारे 4. म्हणून इंजेक्शन चुकल्यावरही त्वचा काही काळ स्वच्छ राहते आणि फसवते. उलट, अडालिमुमॅबसारख्या औषधांनीच कधी तळहात-तळपायांवर पुळ्या येतात. तिथे निदान वेगळे, उपायही वेगळा.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत डाग एरवीही वाढतात, त्यामुळे उद्रेकाचा दोष हवामानावर ढकलला जातो. लेबल नसलेल्या ‘वाताच्या पुडी’त स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, ती संपली की काय थांबले हे रुग्णाला ठाऊकच नसते. डॉक्टरांना पुडीच दाखवावी.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 3 आठवड्यांहून अधिक घेतले असल्यास एकदम बंद करू नये, कारण शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी अधिवृक्क ग्रंथी मंदावलेली असते, 5 मिग्रॅ.च्या आसपास आल्यावर डोस आणखी सावकाश उतरवतात. खंडानंतर मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू करण्यापूर्वी रक्तपेशी, एसजीपीटी (यकृतासाठी) व क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) तपासतात. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असल्याने चिठ्ठीवर वार लिहावा. चुकून रोज घेतल्यास तोंड सोलवटते, अस्थिमज्जा दबते, जीवही जाऊ शकतो. को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक मेथोट्रेक्सेटसोबत देऊ नये.

लाल, दुखऱ्या त्वचेवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पिवळट पुळ्या उठून एकमेकींत मिसळल्या आणि ताप व हुडहुडी भरली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शरीराचा 90 टक्के भाग लाल झाल्यासही तेच करावे. बोटांसह रुग्णाचा एक तळहात म्हणजे शरीराचा सुमारे 1 टक्का. रुग्णालयात द्रव, क्षार, तापमान आणि विशेषतः कॅल्शियम पाहतात. कॅल्शियम उतरल्यानेही पुळ्या भडकतात.